फोडणीच्या आधी वाटा काढा : घरच्या स्वयंपाकातून कुत्र्याला जेवण देताना

घरात पहिल्यांदा कुत्रं आलं की आधी नावावरून चर्चा होते आणि मग जेवणावरून. पिशवीतलं तयार खाणं महाग वाटतं. पिल्लू ते हुंगून निघून जातं, आणि रश्श्याचा वास आला की मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसतं. मग प्रश्न सुरू होतात. थोडं मीठ चालतं का? हळद चांगली असते ना? लसणाने गोचीड जातात म्हणे? डॉक्टरांना विचारलं तर "घरचं साधं द्या" म्हणतात. पण सोलापुरात घरच्या साध्या वरणालाही लसणाची फोडणी असते, आणि साधी भाजी काळ्या तिखटाशिवाय होत नाही.

आमचा गब्बू गावठी आहे, होटगी रोडवर सापडलेला. त्याच्या जेवणावरून आमच्या घरात जेवढे वाद झाले तेवढे मुलांच्या शाळेवरून झाले नाहीत. तेव्हा डॉक्टरांकडून, वाचनातून आणि रोजच्या स्वयंपाकातून जे पक्कं कळलं ते इथे क्रमाने मांडते. सगळं लक्षात राहिलं नाही तरी एक सवय नक्की लावून घ्या: फोडणी पडायच्या आधी त्याचा वाटा बाजूला काढायचा. मसाल्यांची यादी पाठ करण्यापेक्षा हे सोपं आहे, आणि पुढच्या निम्म्या भानगडी इथेच मिटतात.

१. आधी हे जमवून ठेवा

- कुत्र्याचं वजन. त्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहा, मग एकट्याने उभं राहा आणि वजाबाकी करा. पिल्लू असेल तर दर आठवड्याला. काय किती खाल्लं तर धोका, हे सगळं वजनावर ठरतं, त्यामुळे हा आकडा घरात सगळ्यांना माहीत हवा.
- स्वयंपाकघरातला छोटा काटा, ग्रॅम दाखवणारा.
- त्याचं वेगळं पातेलं, वेगळी पळी आणि कुकरमध्ये बसेल असा एक डबा. आमटीत बुडालेली पळी त्याच्या भातात जायला नको.
- लसीकरणाचं कार्ड, आणि त्याच्या मागे दोन डॉक्टरांचे नंबर: एक नेहमीचे, एक रात्री किंवा रविवारी फोन उचलणारे. हे आजच विचारून ठेवा. रात्री अकरा वाजता जुळे सोलापुरात जनावरांचा डॉक्टर शोधत फिरायची वेळ येऊ देऊ नका.

२. कांदा आणि लसूण: अजिबात नाही

सगळ्यात जास्त जागा या मुद्द्याला देते, कारण आपल्याकडे सगळ्यात मोठा धोका हाच आहे. सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीत हंगामात कांद्याचे शेकडो ट्रक येतात. ज्या गावात कांद्याची एवढी उलाढाल, तिथल्या स्वयंपाकात तो नसलेला पदार्थ शोधावा लागतो.

कांदा, लसूण, पातीचा कांदा, लसणाची पात ही सगळी एकाच कुळातली. त्यांच्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करतात. पेशी फुटायला लागतात, रक्त कमी होतं. माणसाला त्याच कांद्याने काही होत नाही, म्हणून हे घरच्यांना पटत नाही.

आकडा सांगते. कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला की विषबाधा होऊ शकते, असं पशुवैद्यकात मानलं जातं. दहा किलोच्या कुत्र्याला हे ५० ग्रॅम होतात, म्हणजे मध्यम आकाराचा अर्धा कांदा. पाच किलोच्या पिल्लाला २५ ग्रॅम, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे चिरलेला कांदा. चार माणसांच्या मटणाच्या रश्श्यात तीन-चार कांदे सहज वाटून जातात. तळाशी उरलेला दाट रस्सा भाकरीत कुस्करून दिला तर हिशेब कुठे जातो बघा. लसूण वजनाला वजन कांद्यापेक्षा जास्त तीव्र. आणि एका वेळी थोडंच, पण रोज, असं दिलं तरी नुकसान साचत जातं.

आता नेहमीचे गैरसमज.

शिजवल्याने विष जात नाही. तळून, भाजून, वाटून, वाळवूनही जात नाही. उलट वाळवलेल्या कांद्या-लसणाची पूड ताज्यापेक्षा कितीतरी दाट असते, कारण पाणी निघून गेलेलं असतं. आपलं काळं तिखट करताना बऱ्याच घरांत कांदा आणि लसूण तळून किंवा भाजून त्यात कुटतात. म्हणजे "भाजीत कांदा नाही, नुसतं काळं तिखट घातलंय" हे उत्तर चालत नाही. शेंगा चटणीचंही तसंच. सोलापूरची शेंगा चटणी म्हणजे शेंगदाण्यांइतकाच लसणाचा आणि तिखटाचा मामला. कुत्र्याला शेंगदाण्याचा वास भुलवतो आणि माणसं बोटभर चाटवतात. साधा भाजलेला, सोललेला, बिनमिठाचा शेंगदाणा एखाददुसरा द्या. चटणी नको.

तुकडे वेचून काढूनही उपयोग नाही. कांदा रश्श्यात विरघळलेला असतो.

लसणाने गोचीड जातात, हे तुम्हाला निदान तीन जण सांगतील. गोचिडावर डॉक्टर मानेवर टाकायचं औषध किंवा गोळी देतात, तीच वापरा. २००० साली जपानमध्ये कुत्र्यांना सात दिवस लसणाचा अर्क देऊन पाहिला, तेव्हा त्यांच्या तांबड्या पेशींवर परिणाम झालेला दिसला. मात्रा मोठी होती, हे खरं. तरी कुत्र्याला लसूण देऊ नये, असंच त्या संशोधकांनी लिहिलं.

आणि अळणी. मटण शिजवल्यावर मसाला घालायच्या आधी जे पाणी काढतो, लहान मुलांना आणि आजाऱ्याला देतो, ते कुत्र्याला चालेल असं सगळ्यांना वाटतं. पण मटण कुकरला लावतानाच आपण आलं-लसणाची पेस्ट, परतलेला कांदा आणि मीठ घातलेलं असतं. त्याला द्यायचं असेल तर दोन तुकडे नुसत्या पाण्यात, वेगळ्या डब्यात शिजवा.

"गल्लीतली कुत्री सगळं खातात, त्यांना काय होतंय?" याचं उत्तरही तयार ठेवा. कांद्याचा खरा परिणाम बहुतेक वेळा तीन ते पाच दिवसांनी दिसतो. तोवर काय खाल्लं होतं हे कुणाला आठवत नाही, आणि गल्लीतलं कुत्रं आजारी पडलं की कुठेतरी आडोशाला जाऊन पडतं. त्याला काही झालं नाही असं नसतं, आपल्याला ते दिसलं नाही इतकंच.

३. मीठ: लागतं, पण वरून नाही

सोडियम कुत्र्यालाही लागतं. अंड्यात, मांसात, दह्यात ते मुळातच असतं, त्यामुळे त्याच्या जेवणात मिठाचा डबा उघडायची गरज पडत नाही.

आमच्या सासूबाईंचा युक्तिवाद असा होता: "उन्हाळ्यात आपल्याला मीठ-साखरेचं पाणी लागतं, मग त्या मुक्या जिवाला नको का?" सोलापूरचा मे महिना, पारा ४२ च्या वर, तेव्हा हे ऐकायला बरोबरच वाटतं. पण आपण सगळ्या अंगाने घाम गाळतो आणि घामातून मीठ जातं. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळपायांना. ते जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग थंड करतं, आणि त्यात पाणी जातं, मीठ नाही. म्हणून उन्हाळ्यात त्याला सावली आणि भरपूर पाणी द्या. ताक द्यायचं तर पातळ, बिनमिठाचं, वाटीभरच. मठ्ठा नको, त्यात मीठ आणि मिरची दोन्ही.

मिठाची विषबाधा व्हायला बरंच मीठ लागतं. किलोमागे साधारण दोन ते तीन ग्रॅम पोटात गेलं की लक्षणं दिसू लागतात. दहा किलोच्या कुत्र्याला हे २० ते ३० ग्रॅम, म्हणजे चार-पाच सपाट चहाचे चमचे. पोळीतल्या चिमूटभर मिठाने काही होत नाही, घाबरू नका. पण पापडाच्या लाट्या, लोणच्याचा खार, आंब्याच्या फोडींना सुटलेलं मिठाचं पाणी, वाळवणाच्या दिवसांत गच्चीवर ठेवलेल्या कुरडयांचा चीक, यांच्यापासून त्याला लांब ठेवा. उलट्या, खूप तहान, झोकांड्या, झटके अशी लक्षणं दिसली तर घरी थांबू नका. म्हातारं कुत्रं, किंवा हृदयाचा-मूत्रपिंडाचा त्रास असलेलं, यांना तर वरून मीठ मुळीच नको.

४. चिंच, मनुका, जायफळ: ज्यांच्याबद्दल कुणी सांगत नाही

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, हे पशुवैद्यांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं. कशामुळे, हे कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षात ते भरपूर असतं. आणि चिंचेतही असतं. पुढे चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही तसाच मूत्रपिंडाचा बिघाड झाल्याच्या नोंदी पुढे आल्या.

आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. आमटी, कटाची आमटी, चिंच-गुळाचं कालवण, सांबार, भेळेची चटणी, यातलं काहीही त्याच्या ताटात नको. द्राक्षाची किती मात्रा सुरक्षित, हे ठरलेलं नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं, दुसरं थोडक्यात आजारी पडतं. आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागा गावोगाव, बेदाणा किलोने घरात येतो, आणि शिऱ्यातले, पुलावातले बेदाणे मुलं निवडून खाली टाकतात. लहान मुलं असलेल्या घरात मी तर म्हणेन बेदाणा शिऱ्यात घालूच नका.

जायफळातलं मिरिस्टिसिन जास्त प्रमाणात गेलं तर कुत्रं भेलकांडतं, हृदयाचे ठोके वाढतात, भास झाल्यासारखं वागतं. पुरणपोळीतल्या किसभर जायफळाने एवढं होत नाही. धोका आहे तो अख्खं जायफळ चावून खाण्याचा. सहाणेवर उगाळून झालेलं जायफळ जमिनीवरच्या टोपलीत राहतं, ते वर ठेवा. खसखसही टाळा, विशेषतः मटणाच्या वाटणातली.

५. मिरची, मिरी, गरम मसाला

हे विष नाही, पण त्रास आहे. मिरचीची आग कुत्र्यालाही लागते. तोंडाची, पोटाची आग, उलटी, जुलाब, सतत पाणी पिणं. कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या साधारण १,७०० असतात आणि आपल्या ९,००० च्या घरात, त्यामुळे जेवणाला "चव आणायला" तिखट घालण्यात काही हशील नाही. त्याला खेचतो तो वास.

लवंग आणि दालचिनी चिमूटभर चुकून गेली तर चिंता नाही. लवंगेचं तेल मात्र कुत्र्यासाठी धोक्याचं आहे, दात दुखतो म्हणून त्याच्या हिरडीला लावू नका. मोहरीने पोट बिघडतं. आणि फोडणीतलं तेल हा वेगळाच विषय: एका वेळी खूप तेलकट-तुपकट खाल्लं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ते दुखणं कुत्र्यासाठी फार वेदनेचं असतं. मटणावर आलेला तर्रीचा थर म्हणूनच नको.

६. काय चालतं

हळद: चिमूटभर, शिजताना. आजार बरे करायला नाही. हळदीतला गुणकारी भाग अंगात फार कमी शोषला जातो, आणि कुत्र्याला दुसरी औषधं चालू असतील तर रोज चमचाभर हळद देण्याआधी डॉक्टरांना विचारावं लागतं. सुटी, भडक पिवळी हळद घेऊ नका, रंगाची भेसळ असते.

जिरं, धणे, बडीशेप, कोथिंबीर, कढीपत्ता, पुदिना: चिमूटभर किंवा दोन-चार पानं, बिनधास्त. आल्याचा नखाएवढा किस चालतो, पण बाजारची आलं-लसूण पेस्ट नाही. वरणातलं कणभर हिंग चालतं, ते कांद्याच्या कुळातलं नव्हे.

चालतं म्हणजे हवंच असं मात्र नाही. यातलं काहीही घातलं नाही तरी गब्बू ताटली तितकीच चाटूनपुसून ठेवतो. जिऱ्याचा वास आपल्याला आवडतो म्हणून आपण घालतो, हे मान्य करून टाकलेलं बरं.

७. रोजचं शिजवायची पद्धत

१. सकाळी कुकर लावताना त्याचा डबा वरच्या थराला ठेवा. त्यात तांदूळ, बिनहाडाचं चिकन किंवा खिमा, आणि गाजर, दुधी, लाल भोपळा यातलं काहीतरी. पाणी, आणि हवी तर चिमूटभर हळद.

२. शाकाहारी दिवस असेल तर उकडलेलं अंडं किंवा बिनसाखरेचं दही. घरात अंडंही चालत नसेल, तर नुसत्या वरण-भातावर कुत्रं वाढवण्याआधी डॉक्टरांशी नीट बोला.

३. आपल्या डाळीतला वाटा द्यायचा असेल तर कुकर उघडल्याबरोबर, फोडणीची कढई गॅसवर चढायच्या आधी काढा. "नंतर काढू" म्हटलं की राहतं.

४. भाकरी ज्वारीची, मीठ न घालता थापलेली, चिकन शिजलेल्या पाण्यात भिजवून. आपल्या मालदांडीची भाकरी कुत्र्याला छान मानवते. विकतची कडक भाकरी मात्र घ्यायच्या आधी विचारा, काही जणी पिठात मीठ घालतात.

५. कोमट झालं की वाढा. कोमट जेवणाचा वास जास्त सुटतो, मसाल्याचं काम तोच करतो.

६. हाडं काढा. शिजलेलं हाड चावल्यावर टोकदार फुटतं आणि आतडं फाडू शकतं.

इथे एक मोठा सापळा आहे. चिकन-भात दिसायला पोटभर, पण त्यात कॅल्शियम फार कमी. वाढत्या पिल्लाला महिनोन् महिने तेवढंच दिलं तर हाडं कमकुवत होतात. काय आणि किती घालायचं ते डॉक्टर वजन-वय बघून सांगतील. पानाचा चुना कालवायला कोणी सुचवलं तर ऐकू नका, चुना तोंड आणि अन्ननलिका भाजतो. मधल्या वेळचा खाऊ दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा.

आधीपासून मसालेदार खायची सवय लागलेलं कुत्रं पहिले काही दिवस तोंड फिरवतं. कांदा-लसणाचं त्याच दिवशी बंद करा, त्यात हळूहळू काही नाही. बाकी बदल आठवडाभरात करा. ताटली पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि उचला. निरोगी मोठं कुत्रं एखादं जेवण सोडून पुढच्या वेळी खातं. पिल्लाला मात्र असं उपाशी ठेवू नका, आणि दिवसभर काहीच खाल्लं नाही तर कुत्र्याचं वय न बघता डॉक्टरांना दाखवा.

८. माणसांना समजावणं

खरं सांगायचं तर कुत्र्यापेक्षा हेच अवघड आहे. "अळणी खाऊन जीव कसा राहील त्याचा? खाऊ दे की!" हे वाक्य प्रत्येक घरात येतं. वाद घालून उपयोग होत नाही. आमच्याकडे उपाय निघाला तो असा: वाटा काढायचं काम सासूबाईंकडेच दिलं. आता फोडणीच्या आधी कुकरपाशी त्याच उभ्या असतात, आणि पाहुण्यांपैकी कोणी चटणी-भाकरी पुढे केली तर "ओ, त्याला लसूण चालत नाही" असं सांगणाऱ्याही त्याच. स्वयंपाकाला मावशी येत असतील तर त्यांनाही कारणासकट सांगा. नुसतं "देऊ नका" म्हटलं की मागे वळल्यावर प्रेमाने दिलं जातं.

सणावाराची थोडी जास्त काळजी. जानेवारीत गड्डा यात्रा, भोगी आणि संक्रांत, घर पाहुण्यांनी भरलेलं, प्रत्येक जण ताटातला घास टाकतो. भोगीच्या भाजीत चिंच-मसाला दोन्ही. शेतावर हुरड्याला कुत्रं बरोबर नेलं तर लसणाच्या चटणीचे द्रोण जमिनीवरच असतात, त्याला बांधून ठेवा. आषाढ अमावस्येच्या मटणानंतर हाडांची पिशवी गेटबाहेर टाकू नका, शेजाऱ्याचं कुत्रं ओढतं.

नैवेद्याचं जेवण बिनकांदा-लसणाचं असतं म्हणून ते सुरक्षित, असंही काही जण धरून चालतात. त्यात तूप, गूळ, मीठ, कटाच्या आमटीतली चिंच असतेच. जैन फरसाणाचंही तेच: कांदा-लसूण नाही, पण मीठ आणि तिखट पूर्ण.

९. पाकिटावरचं वाचायची सवय

आपल्याकडच्या नियमाप्रमाणे पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिल्या चार-पाचात मीठ दिसलं की पाकीट परत ठेवा. नुसतं "मसाले" असं लिहिलेलं असलं तर आत कांदा-लसणाची पूड आहे असंच धरून चाला. झटपट नूडल्सची मसाला पुडी, सूपच्या वड्या, तयार चिकन सॉसेज, चिप्स, यांत ती हमखास असते. मुलांच्या नूडल्समधला वाटा मसाला घातल्यावर काढायचा नाही, तसं बघितलं तर काढायचाच नाही.

शेंगदाण्याचं बटर घेताना त्यात झायलिटॉल नाही ना, ते बघा. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये, टूथपेस्टमध्ये हे गोडवा आणणारं द्रव्य असतं. किलोमागे ०.१ ग्रॅम इतक्या कमी मात्रेतही कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन उतरते, मात्रा वाढली तर यकृतही जातं. इथे तास-दोन तास वाट बघायची सोय नाही.

१०. खाल्लंच तर

काय खाल्लं, किती, किती वाजता, आणि कुत्र्याचं वजन: या चार गोष्टी कागदावर लिहा आणि डॉक्टरांना फोन लावा. लक्षणं दिसायची वाट बघू नका. खाऊन साधारण दोन तास झालेले नसतील तर डॉक्टर औषधाने उलटी करवू शकतात. नंतर तो मार्ग उरत नाही.

घरी उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा सल्ला हमखास मिळतो. त्याने कांद्याच्या जोडीला मिठाचीही बाधा होते. घशात बोटं घालू नका, मोहरीचं पाणी नको, आणि दूध-तूप पाजून विष उतरत नाही.

दवाखान्यात नेताना बरोबर घ्या:

- लसीकरणाचं कार्ड आणि चालू औषधांची नावं
- पदार्थाचं पाकीट, घरचा पदार्थ असेल तर त्यात काय काय घातलं त्याची यादी. काळं तिखट वापरलं असेल तर त्यात कांदा-लसूण आहे का, हे ते ज्यांनी केलं त्यांना विचारून घ्या
- उलटीचा किंवा लघवीच्या रंगाचा फोटो
- अंगाला गुंडाळायला एखादी चादर. दुखणाऱ्या पोटाचं कुत्रं रिक्षात घरच्यालाही चावतं

जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाच्या वेळा आधीच माहीत करून ठेवा. १९६२ या क्रमांकावरची फिरती पथकं मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्यांसाठी आहेत, शहरात मध्यरात्री त्यांच्या भरवशावर बसू नका.

कांद्यावर उतारा असं औषध नाही. डॉक्टर पोट रिकामं करतात, कोळशाचं औषध, सलाईन देतात, रक्त फारच उतरलं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागतं. घरी आल्यावर पुढचे पाच-सहा दिवस रोज सकाळी उजेडात त्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. नेहमीच्या गुलाबी असायला हव्यात (काळ्या हिरड्यांचं कुत्रं असेल तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा). फिक्या किंवा पिवळसर वाटल्या, लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, जिना चढताना धाप लागली, तर लगेच परत न्या. पहिल्या दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट चांगला येणं साहजिक आहे, कारण तोवर पेशी फुटायला सुरुवातही झालेली नसते. डॉक्टरांनी तीन-चार दिवसांनी पुन्हा सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) करायला सांगितली, तर कुत्रं उड्या मारत असलं तरी ती करून घ्या.